निजेला धोंडा

ऊसगाळपाच्या हंगामात रात्री दोन-अडीचच्या सुमारास कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातल्या एखाद्या कारखान्याच्या वाटेवर उभे राहावे, म्हणजे अंधारातून प्रथम घुंगुरमाळांचा संथ, एकसुरी नाद ऐकू येतो, मग आखाखाली लोंबणाऱ्या कंदिलाचा पिवळा ठिपका झोके घेत पुढे येतो, आणि अखेर दहा-बारा गाड्यांची ती सबंध माळ डोळ्यांसमोरून सरकू लागली की ध्यानात येते, की पहिल्या गाडीवरचा एक मनुष्य सोडला तर त्या साऱ्या काफिल्यात जागे असे माणूस कोणी नाहीच. मोळ्यांच्या राशीवर कांबळे ओढून गाडीवान निजलेला असतो. कासऱ्याचे टोक मनगटाला सैल गुंडाळलेले असते. आणि बैल मात्र पुढच्या गाडीच्या मागोमाग, चाकोरी न सोडता, नित्याच्या हिशेबाने पावले टाकीत असतात. लहानपणी अशा गाडीवर मी निजलो आहे. मध्येच जाग येऊन आमचा गाडीवान घोरतो आहे हे कळल्यावर मी भयाने रडू लागलो, तेव्हा डोळे न उघडताच तो म्हणाला, “निजा धाकलं मालक, बैलं जागी हाईत.”

वाहतुकीच्या धंद्यातील निद्रेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ या तीन शब्दांपासून करावा लागेल असे मला वाटते. मोटार येण्यापूर्वी रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनात जागेपण दुहेरी असे; एक हाकणाऱ्याचे आणि दुसरे ओढणाऱ्याचे. स्वार पेंगला तरी घोडा दरडीच्या कडेला जाऊन थबके, गाडीवान निजला तरी बैल ओढ्याचा उतार ओळखून तिरके वळण घेत. मोटार हे रस्त्यावरचे असे पहिले वाहन, की जे धन्याचा डोळा लागल्यावरही, ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेला, तितक्याच आज्ञाधारकपणे धावत राहते. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे वर्तमानपत्रांतील ठरीव वाक्य वाचताना माझ्या मनात नेहमी येते, की ताबा सुटला तो त्या एका रात्री नव्हे. बैल सोडून आपण इंजिन जुंपले, त्या दिवशीच तो निम्मा सुटला होता.

जुन्या काळी अंतर कोसांत मोजले जाई हे खरे. पण व्यवहारातले माप दमाचे होते. ‘मजल’ म्हणजे माणसा-जनावरांना एका दिवसात झेपेल एवढी वाट, आणि ‘मजल दरमजल’ हा आपल्या बखरकारांचा आवडता शब्दप्रयोग ज्या सैन्यांच्या वर्णनात येतो, त्यांच्या प्रत्येक कुचाच्या पोटी एक मुक्काम गृहीत धरलेला असे. घाई असे ती पत्रांना. त्यांच्यासाठी ‘टपाल’ बसवीत, म्हणजे वाटेवर ठिकठिकाणी ताज्या दमाची माणसे किंवा घोडी तयार ठेवीत. एकाने धावत यावयाचे, थैली दुसऱ्याच्या हाती द्यावयाची आणि तिथेच अंग टाकावयाचे. या दोन बदल्यांमधील जे अंतर तो ‘टप्पा’. मेण्याचे भोईही टप्प्याटप्प्यावर बदलत, आणि पुढे डाकेचे टांगे सुरू झाले तेव्हा घोडीही तशीच बदलली जात. काशीद, म्हणजे पत्रे नेणारे निरोपे, बहुधा जोडीने पाठवीत. वाटेत चोराचिलटांचे, श्वापदांचे भय हे त्याचे उघड कारण. परंतु रात्रीच्या मुक्कामात एकाने निजावे आणि दुसऱ्याने थैलीवर बसावे, ही सोयही त्या जोडीत आपोआप साधत असली पाहिजे असे मी समजतो. बातमी अखंड धावे, पण ती नेणारा कोणीही मनुष्य अखंड धावत नसे. पूर्वजांच्या शहाणपणाची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. त्यांना दुसरा इलाजच नव्हता, कारण थकलेला घोडा पुढे पाऊल टाकावयाचे साफ नाकारतो, आणि हा नकार कोणत्याही मालकाला मुकाट्याने ऐकावा लागतो.

बोरघाटाची वाट या स्थित्यंतराची उत्तम साक्षीदार आहे. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना १८३० साली या घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरून गाड्यांत चढला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. खोपोलीकडून चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे एक लहानसे देऊळ आहे. ज्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली आणि मोबदल्यात मरण पत्करले, त्याचे हे स्थान, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रस्त्याने जाणारे वाहनचालक तिथे नाणे टाकतात, क्षणभर थांबतात, किमानपक्षी वेग कमी करून हात कपाळाला लावतात. चढणीच्या तोंडाशी मनुष्याला भानावर आणणारी ही योजना कोणा इंजिनिअराने आखलेली नसली, तरी तिचा गुण सहज नाकारता येण्यासारखा नाही.

आगगाडीबरोबर एक नवीन प्रकारचा मनुष्य जन्माला आला. त्याने रात्री जागावे हाच त्याच्या नोकरीचा करार होता. भुसावळ, मनमाड, इगतपुरी यांसारख्या गावांत रेल्वेच्या चाळींतून रात्री-अपरात्री कंदील घेऊन फिरणारा ‘कॉलबॉय’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. नावाने बॉय, परंतु पुष्कळदा मिशा पिकलेला हा इसम ड्रायव्हराच्या दाराची कडी वाजवी, आतून ‘कोण’ असे विचारले जाई, आणि मग झोपेने जड झालेल्या हाताने त्याच्या वहीत सही होई. ही वही म्हणजे एक दस्तऐवज होता. अमुक मनुष्य अमुक वाजता जागा झाला याची सरकारी नोंद! मात्र तो निजला केव्हा, याचा रकाना त्या वहीत नव्हता.

हा रकाना नसल्याने काय होते ते विलायतेत १८९२ साली दिसून आले. यॉर्कशायरमधील थर्स्क गावानजीक मॅनर हाउस नावाच्या चौकीवर जेम्स होम्स नावाचा सिग्नलवाला होता. त्याची तान्ही मुलगी आजारी पडून वारली. त्या धावपळीत त्याची झोप झाली नव्हती. आपण आज कामास लायक नाही, बदली मनुष्य द्या, अशी विनंती त्याने वरिष्ठांकडे केली होती. बदली मिळाली नाही. तो कामावर गेला, पहाटेच्या धुक्यात त्याचा डोळा लागला, आणि मालगाडीवर एक्स्प्रेस आदळून दहा माणसे प्राणास मुकली. न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, पण शिक्षा न देता सोडून दिले. आणि मला वाटते, त्या निकालाच्या दोन भागांमध्ये जी विसंगती दिसते तिच्यातच या सबंध प्रश्नाचे मर्म आहे. पुढच्याच वर्षी रेल्वे नोकरांच्या कामाच्या तासांविषयी तिकडे कायदा झाला. आपल्याकडे तशी तजवीज व्हावयास १९३० साल उजाडावे लागले, आणि त्या वेळी ठरलेली मर्यादाही अखंड कामाला आठवड्यास ६० तास आणि खंडित कामाला ८४ तास अशी भरभक्कम होती.

मोटारींचा प्रारंभीचा काळ तर निव्वळ मुक्त होता. ज्यांना आपण ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत असू, त्या खासगी गाड्यांचा मालक पुष्कळदा स्वतःच ड्रायव्हर असे. गाडी भरल्याशिवाय हालावयाची नाही आणि एकदा हालली की थांबावयाची नाही, एवढेच तिचे वेळापत्रक. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा या गाड्यांच्या पाठीशी कोळशाच्या गॅसची उंच टाकी बसली. त्या गॅसमधला मुख्य जळणारा घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. जोडणीत फट राहिली तर डोके जड व्हावयाचे, डोळ्यांवर झापड यावयाची. परंतु याच टाकीचा दुसरा गुण असा, की ती वारंवार ढवळावी लागे, राख काढावी लागे, कोळसा भरावा लागे. आणि गाडी घाटात धापा टाकू लागली की उतारूंनी खाली उतरून चालावयाचे, ही तर वहिवाटच होती. एका हाताने झोप आणावी आणि दुसऱ्या हाताने मोडावी, असे ते विचित्र यंत्र होते.

१९३९ साली हिंदुस्थानचा मोटार वाहन कायदा झाला. त्याच्या ६५व्या कलमाने भाडोत्री वाहनांच्या चालकाचे तास प्रथमच बांधले गेले: सलग पाच तास काम झाल्यावर निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला ५४ तास. योगायोग असा, की त्याच वर्षी शिकागोच्या नॅथनेल क्लाइटमन या शरीरशास्त्रज्ञाचा निद्रा आणि जागृती या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. हा गृहस्थ आदल्या वर्षी आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिला होता आणि तिथल्या अक्षय अंधारात २८ तासांचा एक दिवस मानून शरीर ते मानते की काय, हे पाहत होता. विद्यार्थ्याच्या शरीराने नवे पंचांग पुष्कळसे स्वीकारले. गुरुजींच्या शरीराने ते मुळीच मानले नाही. शरीराला स्वतःचे एक घड्याळ आहे ही गोष्ट त्यानंतर उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली. त्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री दोनपासून पहाटे सहापर्यंत आणि पुन्हा दुपारच्या जेवणानंतरच्या प्रहरी मनुष्य सर्वांत मंद असतो. कायद्याने तास मोजले. ते दिवसाचे की रात्रीचे, हे विचारले नाही. पहाटे तीन ते पाच आणि सकाळी दहा ते बारा हे दोन तास आणि हे दोन तास कायद्याच्या लेखी सारखेच राहिले.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली सरकारी एस. टी. सुटली, आणि धंद्याला शिस्त आली ती प्रामुख्याने त्या सरकारी गाड्यांबरोबर. त्यांनी ‘मुक्कामी गाडी’ ही जी संस्था निर्माण केली तिच्याविषयी मला अपार ममत्व आहे. शेवटची गाडी संध्याकाळी खेड्यात यावयाची, रात्रभर पारापाशी उभी राहावयाची आणि पहाटे तालुक्याला परत जावयाची. आमच्या गावात ड्रायव्हर-कंडक्टरांची पथारी उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, पावसाळ्यात आतल्या बाकांवर आणि थंडीत मारुतीच्या देवळात पडत असे. कोणाच्या तरी घरून भाकरी-पिठले येई, पोरे काचेवर बोटांनी नावे लिहीत, आणि रात्री उशिरा गप्पा रंगल्या की गावातला एखादा वृद्ध ओरडे, “अरं, निजू द्या त्यांस्नी, सकाळच्याला गाडी न्ह्यायचीय.” तिला कोणी धोरण म्हटले नसेल, पण जुन्या मुक्कामाचीच ती वंशज होती. याच एस. टी.ने ‘टप्पा’ हा शब्दही जिवंत ठेवला. मात्र आता टप्पा म्हणजे सहा किलोमीटरचे भाड्याचे माप. ज्या शब्दात एकेकाळी थकलेल्याची सुटका होती, त्यात तिकिटाचा दर तेवढा उरला. पुढे ‘रातराणी’ नावाच्या रात्रीच्या गाड्या आल्या. नाव सुगंधी आहे, आणि ते ठेवणारा मनुष्य रात्री घरी झोपत असावा.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी निराळा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर दहापर्यंत मुभा. परंतु हा कायदा लागू कोणाला, तर पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडच्या मालवाहतुकीत एक-दोन ट्रकांचे मालकच पुष्कळ. बायकोच्या डोरल्यावर कर्ज काढून घेतलेला एकच ट्रक, त्यावर एक ड्रायव्हर, एक क्लीनर. कायद्याची पायरी पाचावर होती आणि ट्रकवर माणसे दोन. १९८८च्या नव्या कायद्याने तीच तासांची मर्यादा भाडोत्री वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाला लावली खरी, पण ट्रकवाल्याचे वेतन तासांवर नसते, ते ‘खेपे’वर असते. खेप लवकर संपली तर दुसरी मिळते. निजलेल्या माणसाची खेप होत नाही. युरोपातील देशांनी १९७० पासून ट्रकच्या केबिनमध्ये चाकाच्या फेऱ्या नि विश्रांतीचे तास टिपणारे यंत्र बसविण्यास प्रारंभ केला, तेव्हा इंग्रज ट्रकवाल्यांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणून शिव्या घातल्या. आमच्याकडे तो हेर आला नाही, आणि आला असता तर त्यालाही चहा पाजून गप्प बसविण्यात आले असते, अशी मला दाट शंका आहे.

हेराच्या ऐवजी आमच्याकडे किन्नर होता. ‘क्लीनर’ या इंग्रजी शब्दाचे ट्रकवाल्यांनी केलेले हे रूप ऐकून संस्कृतज्ञांना हसू येईल. पण देवसभेतले किन्नर गायन करीत, आणि ट्रकवरच्या किन्नराचे रात्रीचे मुख्य कामही गाणे, बडबडणे, तंबाखू मळून देणे आणि वस्तादाचे डोके पुढे कलले की त्याच्या दंडाला हात लावणे, हेच असे. बैलाचे जे दुसरे जागेपण मोटारीने हिरावले, ते या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने काही काळ भरून काढले. पुढे मालकांनी खर्च कमी करण्यासाठी पुष्कळ ट्रकांवरून त्याचीही गच्छंती केली.

आणखी एक विसावा असा गेला, की त्याच्या जाण्याबद्दल एकाही माणसाने अश्रू ढाळले नाहीत. तो म्हणजे जकात नाका. मुंबईच्या वेशीवर मुलुंडला, दहिसरला ट्रकांची जी लांबलचक रांग लागे, तिच्यात ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोके ठेवून तास-दोन तास निजत. पुढचा ट्रक हलला की मागच्याने हॉर्न वाजवावा आणि पुन्हा पापण्या मिटाव्यात. १ जुलै २०१७ रोजी जी. एस. टी. आला आणि मुंबईची जकात संपली. नाक्यावरची लाचलुचपत, खोळंबा, धूर हे सारे गेले ते उत्तमच झाले. पण त्या अव्यवस्थेच्या पोटात जी थोडीशी झोप लपलेली होती, तिची भरपाई कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही. रस्त्यांचेही तसेच. बोरघाट, खंबाटकी, कात्रज यांची वळणे ड्रायव्हराला जागे ठेवीत. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि २०२५ साली ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत जोडला गेला, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवर तासन्‌तास हात हलविण्याचे प्रयोजनच उरले नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर, एखाद्या गल्लीची लांबी. सतरा तास जागलेल्या मनुष्याचे हात-डोळे मद्य प्यालेल्यासारखे चालतात, हे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी मोजून दाखविले. आपल्या रस्त्यांवर फुंकर मारून दारू ओळखणारे यंत्र आहे. झोप ओळखणारे नाही.

वैद्यकाने १९६५च्या सुमारास याहूनही विपरीत गोष्ट ओळखली. काही माणसे घोरताना मध्येच श्वास थांबून गुदमरतात, अर्धवट जागी होतात, पुन्हा निजतात, असे रात्रीतून शेकडो वेळा. आणि सकाळी त्यांना त्यातले काहीच आठवत नाही. बसून काम, तेलकट जेवण, सुटलेले पोट, जाड मान: ट्रकवाल्याची अंगकाठी या व्याधीला अगदी अनुकूल. आपण मात्र ढाब्याच्या बाजेवर घोरणाऱ्याकडे पाहून म्हणत आलो, काय भाग्यवान आहे, कसा ढाराढूर झोपलाय!

मी मास्तरकी करीत होतो तेव्हाची एक रात्र आठवते. साताऱ्याला शेवटची गाडी चुकली, म्हणून नाक्यावर एका कांद्याच्या ट्रकला हात केला. ड्रायव्हरने मला वर घेतले, पण भाडे घ्यावयास तयार होईना. म्हणाला, “पैकं नगं मास्तर. गप मातुर बसायचं न्हाई. काय बी बोला, पर बोलत ऱ्हावा.” किन्नर मागे गोणींवर तापाने फणफणत पडला होता. मी काय बोलणार? वर्गात नुकतेच शिकविले होते ते पानिपत सुरू केले. खंबाटकी चढताना भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले, शिरवळला कुंजपुरा पडला. रसदेची कोंडी झाली तेव्हा त्याने गाडी थांबवून तोंडावर पाणी मारले आणि पुन्हा चढून विचारले, “मग? फुडं?” विश्वासरावाला गोळी लागली आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आले, की ट्रक रस्त्याच्या डाव्या कडेला घासत चालला आहे. मी ओरडलो. त्याने ब्रेक मारला. झाडापासून हातभर अंतरावर आम्ही उभे होतो.

खेड-शिवापूर जवळ आले होते. पुढे कात्रजचा घाट. तो काही बोलला नाही. ट्रक मागे घेऊन नीट कडेला लावला, खाली उतरला, रस्त्याच्या बाजूचा एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाला लावला, दुसरा जरा चपटा पाहून घेतला, त्यावर टॉवेलची घडी ठेवली आणि ट्रकखाली आडवा झाला. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ हे मी पोरांना किती वेळा फळ्यावर लिहून दिले असेल! अंधारातून त्याचा आवाज आला, “मास्तर, तांबडं फुटलं की हाक मारा. इस्वासरावाचं तेवढं ऱ्हायलंय, ते घाटात सांगा.”